त्रेचाळीस पिना

इतवारीतल्या ओतकामवाल्याने विचारलं,
"मॅडम, मागून टाचणी की चुंबक?"
मी म्हटलं, टाचणी.
चुंबकाचा भरवसा नाही,
पोरगी पेशंटवर वाकली की निसटेल.
बेचाळीस विद्यार्थी, पिना त्रेचाळीस.
एक तरी हरवतेच.

मंगळवारी मीटिंग. समोसे.
प्राचार्यांनी मिनिटं आधीच वाटून ठेवलेली:
दिवा चार, शपथ तीन,
मग प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पिना,
एकेकीला दहा सेकंद.
मी वहीत लिहिलं,
"पाहुणे पुरुष. पिन छातीवर, डावीकडे."
आणि वही टेबलावर थोडी पुढे सरकवली.

कूलरची मोटर तेवढी बोलत राहिली.
ढोकसरांनी हातातला समोसा खाली ठेवला.
"कॉलरवर लावली तर?"
"मग हातातच द्यावी."
हातात? पिन आहे बाप्पा, पावती नाही.

पोरं ठरवतील कुणी लावायची ते, मी म्हटलं.
पाहुण्यांना शाल द्या, नारळ द्या,
लागेल तेवढा वेळ माइक द्या.

चिठ्ठ्या आल्या ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्यात.

तेजस्विनी नंदेश्वर: आई.
ही आई मेडिकलच्या सहा नंबर वॉर्डात फरशी पुसते.
तीन वर्षं पोरगी तिला ड्यूटीवर
"मावशी, जरा बाजूला" म्हणत आली,
आईनेच बजावलं होतं म्हणून.
फरहीन: अब्बू. त्यांचा हात कापतो,
मनगट भाऊ धरेल.
सुमेध ढेंगरे: मोठी बहीण,
"बायकांचं काम काहून घेतलं" म्हणाली होती तीच.
चौघींनी एकच नाव लिहिलं, रात्रपाळीचे गुलाबमामा,
पहिला मृत्यू पाहिला त्या पहाटे
काही न बोलता ज्यांनी चहा आणून ठेवला होता.
मामांना विचारलं तर म्हणाले,
"माझ्याकडे चांगला शर्ट नाही."
तेही यादीत टाकलं: शर्ट, बेचाळीस साइझ.

आणि तळाशी घडी घातलेली एक,
जैवंती नरोटे, एटापल्लीच्या आतलं गाव.
"मॅडम, घरचे येत नाहीत. मोहाचे दिवस आहेत,
यायला-जायला दोन दिवस मोडतात.
मी माझी लावली तर चालते का?"

शुक्रवारी पालकांची तालीम.
आया टाचणीला घाबरतात.
"टोचली तर?" एकीने विचारलं,
जिने विळ्याने बोट कापून घेतलं असेल शंभरदा.
मी पिशवीतून मृगाची शेवटची संत्री काढली.
त्यांच्या पोरींना पहिल्या वर्षी
मी ह्याच्यावरच सुई शिकवली होती.
खिशाचं कापड संत्र्यावर ताणून दिलं:
अंगठा इथे. ताण द्या. सरळ आत, सरळ बाहेर.
खळ कडक असते, पहिल्यांदा नाही म्हणते.
तासाभरात अख्ख्या हॉलला सालीचा वास,
जास्तीची पिन रसाने चिकट,
आणि तेजस्विनीची आई
पाचव्यांदा लावून, काढून, परत लावून बघतेय.
हात तिने आधी साबणाने धुतले होते, कोपरापर्यंत,
पोरी धुतात तसे.

जैवंती मागे उभी होती, आरशापाशी.
आरशात पाहून लावली, उजवीकडे गेली.
हसली. काढली.
मग आरशाकडे पाठ केली
आणि डोळे कुठेतरी खिडकीबाहेर ठेवून
शीर चाचपतात तशी
दोन बोटांनी जागा शोधून
आत घातली.

रात्री वेळापत्रक पक्कं करायला बसले.
जनरेटरचं डिझेल. माठ चार.
गुलाबमामांचा शर्ट, इस्त्रीसह.
पाहुण्यांचं भाषण पंधरावर आणलं,
अजून कमी होईल.
नंदेश्वर, दोन मिनिटं. फरहीन, दोन.
सव्विसावा क्रमांक, नरोटे जैवंती.
लावणाऱ्याच्या रकान्यात: स्वतः.
वेळेच्या रकान्यात सवयीने दहा सेकंद लिहिले,
खोडले,
एक मिनिट लिहिलं, तेही खोडलं.
कागद तिथे पातळ झालाय.
उद्या टायपिस्ट विचारेल, मॅडम, इथे काय टाकू?
मी म्हणेन, तो चौकोन तसाच राहू दे.